उंबऱ्याबाहेरून लिहिलेले देऊळ

तळ्याजवळच्या जुन्या ख्रिस्ती देवळाचे वर्णन अण्णा टिपणिसांनी लिहिले, तेव्हा त्या देवळात त्यांनी एकदाही पाऊल टाकलेले नव्हते. ही गोष्ट त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती आणि लेख छापून आल्यावर तीन आठवड्यांत त्यांना स्वतःलाही ती फारशी आठवेनाशी झाली होती.

साल अठराशे त्र्याऐंशी. अण्णा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, आणि गावातल्या शिळाप्रेसवर निघणाऱ्या एका साप्ताहिकात 'ठाण्यातील प्रेक्षणीय स्थळे' ही लेखमाला लिहीत. कारकून म्हणून त्यांना कोणी ओळखत नसे. लेखक म्हणून कचेरीतले दोघे आणि बाररूममधला एक वकील ओळखत असत. या तिघांना अण्णा 'वाचकवर्ग' म्हणत.

मजकूर गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्यावा लागे. मग प्रेसचा लेखनिक तो तेलकट शाईने खास कागदावर उतरवी आणि कागद दगडावर दाबला की अक्षर दगडावर बसे. एकदा बसलेले अक्षर काढायचे तर दगड घासावा लागतो, आणि दगड घासायला संपादक महिपतराव कोणासाठीही तयार नसत. किल्ला झाला, तळे झाले, कौपिनेश्वर झाला, खाडीवरचा आगगाडीचा पूल झाला. आठवा लेख ख्रिस्ती देवळाचा होता. बुधवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर अण्णा ते पाहायला गेले.

फाटकापर्यंत गेले आणि अडले. आपल्या देवळात जाताना जोडे काढायचे, हे त्यांना ठाऊक होते. साहेबलोक त्यांच्या देवळात जाताना टोपी काढतात आणि बूट पायातच ठेवतात, हेही ठाऊक होते. पण हे देऊळ साहेबांच्या देवाचे आणि इथल्याच माणसांचे. मग काढायचे काय? जोडे काढून पगडी ठेवली तर त्यांचा अपमान. पगडी काढून जोडे ठेवले तर आपल्या वाडवडिलांचा. दोन्ही काढले तर भर रस्त्यात सुतकातल्या माणसासारखे बोडक्याने उभे राहायचे. अण्णा पाव घटका दोन्हीकडून विचार करत उभे राहिले. फाटकाशी जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "कोन पायजे?" अण्णा म्हणाले, "कोणी नको." आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी जेवण आणि बारा वाजणे यांच्या मध्ये लेख लिहून झाला. जुनी इमारत म्हणजे आत अंधार असणारच, म्हणून त्यांनी लिहिले, "सदरहू देवालयाचा अंतर्भाग अंधारा व दमट आहे." मूर्तीला काहीतरी रंग हवा, म्हणून ती काळ्या दगडाची केली. एवढ्यावर लेख संपला असता तर बरे होते. पण खाली चार बोटे जागा उरली. ती भरायला अण्णांनी कचेरीतला शिपाई धाकू याने सांगितलेली एक हकिकत घातली. आश्विनाच्या सुमारास एका रविवारी हे लोक नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, असे धाकूने रस्त्यावरून पाहिले होते. त्यावर अण्णांनी शेवटचे वाक्य लिहिले: "ही तर आपल्याच पूर्वजांची नवान्नाची चाल. यावरून या लोकांचे ख्रिस्तीपण केवळ अंगरख्यापुरते असून आत मूळचा जीव तसाच आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईल."

सुज्ञ वाचकांच्या ते लगेच ध्यानी आले. वकिलाने हे वाक्य बाररूममध्ये दोनदा म्हणून दाखवले. अण्णांनी घरी ते चार वेळा म्हणून पाहिले. चारही वेळा ते चांगलेच वाटले.

*

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी अण्णा ओटीवर पान जुळवत बसले असताना एक म्हातारी पायऱ्या चढून वर आली. लाल चौकड्यांचे लुगडे, गळ्यात क्रूस, हातात कोयता. कोयता पाहून अण्णांनी पान खाली ठेवले.

"पेपरात लिवनारा टिपनीस तूच काय?" तिने विचारले.

"हो. आपण?"

"मी नातालबाय. कोलशेतच्या वाटंला आमचं घर. पुडं मिठागर, मागं भात." ती न विचारता बसली आणि कोयता शेजारी ठेवला. "भ्यू नको. शेतावरून आलेय. शेतावरून आलेय पन कापल्याबिगर आलेय."

नातालबाय सगळ्यांना अरेतुरे करी. पुढे अण्णांना कळले की ती देवालाही तसेच बोलावते, तेव्हा त्यांचा राग निम्मा झाला. आत्ता मात्र पुरा होता.

"काम काय आहे, बाई?"

"आमचा पाद्री नवा हाय. परतुगालचा. चार म्हैने जाले येऊन, आमची भाषा त्याला ठावी नाय, आमी त्याला ठावं नाय. तुजा पेपर त्याला शाळेच्या मास्तरानं वाचून दावला. तवा पाद्री काय बोल्ला? बोल्ला, हिंदू लोकच म्हनतात का ही चाल हिंदूंची हाय, मंग मी ती देवळात कशी घेऊ? या रविवारी लोंब्या देवळात नाय येनार."

"मग?" अण्णा म्हणाले. हा शब्द तोंडातून गेल्यावर तो किती मूर्ख होता हे त्यांना कळले.

"मंग?" नातालबाय म्हणाली. "लोंबीवर पाद्रीचं पानी पडल्याबिगर नवा तांदूळ आमच्या चुलीवर चढत नाय. आजपर्यंत कदी चढला नाय. हळवं, लवकरचं भात पिकून उभं हाय, नि कनगीत जुन्याचा दाना नाय. चार घरांत नाचनी हाय, ती चाळीस घरांत फिरतेय. रविवारपरेंत ती पन सरंल. तुजं लिवनं जालं, आमच्या चुली निवल्या."

"पण बाई, मी केवळ एक निरीक्षण..."

"तुज्या दाराला काय हाय त्ये?" तिने कोयत्याने चौकटीकडे दाखवले. गेल्या दसऱ्याच्या वाळलेल्या लोंब्या तिथे आंब्याच्या पानांत अडकून राहिल्या होत्या. "तुमी पन बांदता, आमी पन नेतो. भात काय तुज्या एकट्याच्या चिखलात उगवतं? मी तुला इचारते काय, तुजा धरम सदऱ्यापुरता हाय का आतपरेंत हाय?"

अण्णांना आपले नवान्न आठवले. त्या दिवशी भात थोडा चिकट होतो, एवढेच त्यांना त्याविषयी सांगता आले असते. पूजा सगुणाबाई करत. अण्णा पाटावर बसत आणि तूप मागत.

"हे पाहा," ते म्हणाले, "मी पाद्रीसाहेबांना सविस्तर पत्र लिहीन. सगळ्या देशांत, अगदी प्राचीन यहुद्यांतसुद्धा, नव्या पिकाचा पहिला भाग देवाला..."

"अहो," दाराआडून सगुणाबाईंचा आवाज आला. "पण तुम्ही आत गेला होतात का?"

"कुठे आत?"

"त्यांच्या देवळात. मला तेव्हाच शंका आली होती, पण म्हटलं कशाला विचारा. त्या बुधवारी तुम्ही घरी आलात नि सरळ पाटावर बसलात. आत जाऊन आला असतात, तर आधी आंघोळीला पाणी मागितलं असतंत."

कचेरीत साक्षीदारांना असे अडकताना अण्णांनी पुष्कळदा पाहिले होते. त्यांची जबानी ते सुंदर अक्षरात उतरूनही घेत. साक्षीदार अशा वेळी छताकडे बघतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते छताकडे बघू लागले.

"म्हंजे तू आत आलाच नाय?" नातालबाय म्हणाली. ती रागावलेली नव्हती. तिच्या डोळ्यांत चमक आली होती, आणि अण्णांना ती रागाहून जास्त वाईट वाटली. "मंग सोपं जालं की! पत्र नको. उद्या येऊन पाद्रीला येवढंच सांग, का मी आत आलो नव्हतो."

"मी विचार करतो."

"कर. मी हितंच बसते."

"अहो, जा की," सगुणाबाई म्हणाल्या. "मी पाणी तापवून ठेवीन."

*

बुधवारी कचेरी सुटल्यावर अण्णा देवळाशी पोचले, तेव्हा नातालबाय फाटकात उभी होती. अण्णा पुन्हा तिथेच थांबले.

"आता काय?"

"काढू काय?" अण्णांनी हळूच विचारले. "जोडे की पगडी?"

"त्या दिवशी यापायी परत गेलास?" ती मोठ्याने हसली. "जोडे र्‍हाऊ दे. डोक्यावरचं काढ. शेंडी बगून देव पळनार नाय."

अण्णांनी पगडी काढून काखेत धरली आणि उंबरा ओलांडला.

आत अंधार नव्हता. खिडक्यांना काचांऐवजी पातळ घासलेल्या शिंपल्यांचे चौकोन बसवले होते. त्यांतून येणारा उजेड ताकासारखा मऊ होऊन सगळीकडे पसरला होता. दमट नव्हते. जमीन कोरडी खणखणीत होती आणि तिच्यात कोरीव अक्षरांच्या शिळा बसवल्या होत्या. नातालबायने एका शिळेला वळसा घातला. खाली माणूस पुरला आहे, असे तिने सांगितल्यावर अण्णांनी तीन शिळांना वळसा घातला. त्यांतल्या दोन साध्या फरश्या होत्या. समोरची मूर्ती लाकडाची होती, रंगवलेली, गोऱ्या चेहऱ्याची. अण्णा मनातल्या मनात खुणा करत चालले होते: अंधारा, चूक. दमट, चूक. काळा दगड, चूक. पंधरा ओळींच्या वर्णनात बरोबर ठरलेली एकच गोष्ट म्हणजे देऊळ तळ्याजवळ होते.

एका बाकाशी नातालबाय गुडघे टेकून बसली. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावली, काही पुटपुटली आणि उठली. या सगळ्याला अर्धे मिनिट लागले असेल. त्यात अण्णांना दाखवण्यासाठी काही नव्हते. ती त्यांना तेवढा वेळ विसरली होती. अण्णांना घाईघाईने दुसरीकडे बघावेसे वाटले, आणि दुसरीकडेही तेच होते. एक बाई मेणबत्ती लावत होती, एक कोळी भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. आपण शेवटचे वाक्य याच माणसांविषयी लिहिले, हे त्यांना ठाऊक होते. पण ते लिहिताना समोर माणसे नव्हती, चार बोटे रिकामी जागा होती.

पाद्री कार्व्हाल्यो बाजूच्या खोलीत होते. तरुण, हडकुळे, नाक उन्हाने सोललेले. दुभाष्याचे काम नेहमी शाळेचे मास्तर करत, पण मास्तर तापाने अंथरुणाला खिळले होते. पाद्रींना थोडी इंग्रजी येत होती. अण्णांना कचेरीतली इंग्रजी येत होती. म्हणजे ते कोणालाही अर्ज फेटाळल्याचे उत्तम कळवू शकत, बाकीचे अंदाजाने. नातालबायचे म्हणणे पाद्रींना सांगायचे कामही त्यांच्याच गळ्यात पडले.

"आधी तुजं सांग," ती म्हणाली.

अण्णांनी सुरुवात केली. प्राचीन यहुदी, रोमन लोक, सर्व मानवजातीत आढळणारी कृतज्ञता. पाद्री लक्षपूर्वक ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत चालला होता.

"म्हणजे," पाद्री म्हणाले, "रोमन लोक मूर्तिपूजक असतानाही हेच करत होते?"

"अगदी बरोबर," अण्णा म्हणाले, आणि आपण काय केले हे त्यांना कळले.

"काय बोल्ला तो?" नातालबायने विचारले.

"त्यांना पटतंय."

"पटलेल्याचं तोंड आसं असतंय? काय सांगितलंस त्याला?"

"रोमन लोकांविषयी..."

"रोमन लोक गेले खड्ड्यात! मी बोलते. तू फक्त मी बोलंन तेच बोल, तुज्या पदरचं घालू नको."

मग ती बोलली, आणि अण्णा वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करू लागले.

तिच्या आजीच्या आजीची गोष्ट. पेशव्यांच्या फौजेने साष्टी घेतली, फिरंगी गेले. त्यांच्याबरोबर पाद्री गेला. देवळाला कुलूप लागले. किती वर्षे, ते तिला ठाऊक नव्हते. आजीही फक्त 'लय' म्हणायची. कधी दर्यावरून लपतछपत एखादा पाद्री यायचा, पोरांवर पाणी शिंपडून जायचा. कधी तीन-तीन वर्षे कोणीच नाही. मंत्र अर्धे विसरले. पुस्तक कोणाला वाचता येत नव्हते. पण भात पिकले की पहिली लोंबी कापायची आणि बंद देवळाच्या दाराच्या कडीला बांधायची. सगळ्यांनी तिला हात लावायचा. मग घरी जाऊन चूल पेटवायची. बघायला पाद्री नव्हता, विचारायला कोणी नव्हते. सोडून दिले असते तर चालले असते, उलट बरेच झाले असते.

"आजी बोलायची," नातालबाय म्हणाली, "का आमच्यापाशी तवा दुसरं काय पन उरलं नव्हतं. लोंबी तेवढी उरली. आमी तिला धरून र्‍हायलो. सांग त्याला."

अण्णांनी सांगितले.

"मी येवढं लांब बोलले नि तू येवढंसं बोललास?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात."

"खोटं. कडीचं सांगितलंस?"

कडीचे राहिले होते. अण्णांना 'कडी'ला इंग्रजी शब्द आठवला नव्हता, म्हणून त्यांनी ती गाळली होती. त्यांनी पाद्रींना खोलीच्या दाराची कडी हलवून दाखवली. ती खणखणली. पाद्री त्या कडीकडे थोडा वेळ पाहत राहिले.

मग त्यांनी अण्णांना विचारले, "हे आपल्या लेखात का नाही? मी तो लेख तीन वेळा वाचून घेतला. मला वाटले, या गृहस्थाने या लोकांना वर्षानुवर्षे जवळून पाहिले असेल. मी तर चार महिन्यांपूर्वी आलो. मी माझ्यापेक्षा आपल्यावर विश्वास ठेवला."

नातालबायला इंग्रजी येत नव्हती, पण वेळ आली आहे हे तिला कळले. ती अण्णांकडे पाहत राहिली.

अण्णांना बरेच काही सांगता आले असते. त्या दिवशी उशीर झाला होता. जागा कमी होती. वस्तुतः जास्त होती. त्यांची इंग्रजी अपुरी पडली याचा त्यांना पुढे आयुष्यात पहिल्यांदाच आनंद वाटला. एवढे सगळे सांगण्याइतके शब्दच त्यांच्याजवळ नव्हते.

"मी आत आलो नव्हतो," ते म्हणाले. "फाटकाबाहेर उभा होतो. पाव घटका."

"का?"

"ही पगडी..." अण्णांनी काखेतली पगडी पुढे केली आणि सगळे सांगितले.

पाद्री प्रथम गंभीर राहिले. मग त्यांना खोकला आला, आणि तो खोकला नव्हता, हे थोड्या वेळाने लक्षात आले. डोळे पुसून ते म्हणाले, "हा लेख भाषांतर होऊन माझ्या वरिष्ठांकडेही गेला आहे. त्यांना माझा शब्द पुरणार नाही. आपण आत्ता मला जे सांगितलेत ते त्याच वर्तमानपत्रात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. शनिवारी ते माझ्या हातात आले, तर रविवारी लोंब्या आत येतील."

अण्णांनी हे भाषांतर करून सांगितले. या वेळी त्यांनी काही गाळले नाही.

"छापशील ना?" नातालबायने विचारले.

"छापतो," अण्णा म्हणाले. घरी जाईपर्यंत त्यांना या शब्दाचा पश्चात्ताप होऊ लागला, आणि आंघोळीचे पाणी अंगावर पडल्यावर तो पक्का झाला.

*

"खुलासा?" गुरुवारी सकाळी महिपतराव म्हणाले. "अण्णा, आपल्या पत्राने आजवर एकही चूक कबूल केलेली नाही."

"म्हणजे झालीच नाही?"

"तसं मी कुठं म्हटलं?" महिपतराव दगड पुसत होते. "लेखनिकावर घाल. 'लेखनिकाच्या हस्तदोषाने' म्हण, लोक समजून घेतात. तो काही बोलणार नाही, त्याला सवय आहे."

लेखनिक कोपऱ्यात शाई घोटत होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

अण्णा लिहायला बसले. साडेदहा वाजले होते. पहिला मसुदा असा झाला: "कित्येक अपरिहार्य कारणांमुळे सदरहू देवालयाच्या अंतर्भागाचे अवलोकन यथासांग घडू शकले नाही."

महिपतरावांनी वाचला. "छान. काहीच कळत नाही. असाच ठेव."

अण्णांनाही तो आवडला. त्यातला 'यथासांग' तर फारच. चार दिवसांपूर्वी त्यांनी तो तसाच ठेवला असता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेचे मास्तर आले, अंगात ताप, पाद्रींना वाक्यावाक्याचे भाषांतर करून सांगत असलेले. 'कारणे अपरिहार्य होती,' मास्तर सांगतील. 'कोणती?' पाद्री विचारतील. मास्तर कपाळावरची पट्टी बदलतील. आणि रविवारी भात शेतातच उभे राहील.

दुसऱ्या मसुद्यात 'अपरिहार्य' गेले. तिसऱ्यात 'कित्येक' गेले. चौथ्यात 'लेखकास असे समजले होते की' आले आणि लगेच गेले. साडेअकराला पाचवा झाला. तो अण्णांनी न थांबता लिहिला, आणि न वाचता लेखनिकाच्या पुढ्यात ठेवला. वाचला असता तर त्यात काहीतरी घातले असते.

"तळ्याजवळील ख्रिस्ती देवळाविषयीचा लेख लिहिताना लेखक देवळात गेला नव्हता. बाहेर पाव घटका उभा राहून घरी गेला. आत अंधार नाही, दमट नाही, मूर्ती काळ्या दगडाची नाही. तेथील लोकांच्या धर्माविषयीचे शेवटचे वाक्य लेखकाने खरे म्हणून लिहिले नाही. ते त्याला सुचले आणि आवडले म्हणून लिहिले. त्या लोकांची लोंबी देवळात नेण्याची चाल त्यांच्या स्वतःच्या धर्माची आहे. पाद्री नसतानाही त्यांनी ती सोडली नव्हती. — अ. टिपणीस."

लेखनिकाने वाचले आणि पहिल्यांदा वर पाहिले. मग बोरू शाईत बुडवला.

महिपतरावांनी त्याच्या खांद्यावरून वाचले. "या पत्रात असं काही आल्यावर," ते म्हणाले, "बाकीच्या स्थळांचं काय समजायचं लोकांनी? किल्ल्यात तरी गेला होतास का?"

"किल्ल्यात तुरुंग आहे. आत कसा जाईन?"

"पुलावर?"

अण्णा छताकडे बघू लागले.

"लेखमाला संपली असं समज," महिपतराव म्हणाले.

"समजलो."

शनिवारी पत्र निघाले. कचेरीत दोघांपैकी एकाने ते टेबलावर उलटे करून ठेवले आणि दुसऱ्याने सरळ केले. वकील म्हणाला, "टिपणीस, मूळ वाक्य मात्र छान होते हं." वाचकवर्गाचे मत एवढेच. संध्याकाळी नातालबायने अंक मास्तरांच्या अंथरुणाशी नेला, मास्तरांनी तो पाद्रींना वाचून दाखवला, आणि पाद्रींनी उद्या सकाळी लोंब्या आणा म्हणून निरोप पाठवला.

*

रविवारी अण्णा गेले. कोणी बोलावले नव्हते, आणि आपण का जातो हे त्यांना नीट माहीत होते. गेले चार दिवस त्यांनी मनाशी एक छोटे भाषण जुळवून ठेवले होते. लोक आभार मानायला येतील, तेव्हा ते करायचे होते. 'माझे यात काहीच नाही, सारे तुमच्या श्रद्धेचे,' अशी त्याची सुरुवात होती. शेवट थोडा लांब होता.

मडक्याला कातडे ताणून केलेले घुमट वाजवत लोक आले. बायका पुढे, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत हिरव्यापिवळ्या लोंब्या, त्यांत झेंडू. नातालबाय सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या हातात फक्त एक पेंढी होती. तीच पहिली कापलेली. दार उघडे होते. उंबऱ्याशी आल्यावर ती क्षणभर थांबली, दाराच्या कडीला पेंढी टेकवली आणि आत गेली. मागून येणारी प्रत्येक बाई तसेच करत होती. पाद्री आतून पाहत होते. त्यांनी कोणाला हटकले नाही.

प्रार्थना झाली. ती काय होती ते अण्णांना कळले नाही. पण समोरच्या चारशे माणसांना ती पाठ होती, आणि ती म्हणताना ती माणसे बाजारातल्यापेक्षा वेगळी दिसत होती. वेगळी म्हणजे कशी, हे अण्णांना लिहिता आले नसते. प्रयत्न करावा असेही वाटले नाही. पाद्रींनी लोंब्यांवर पाणी शिंपडले. एक थेंब अण्णांच्या नाकावर पडला.

आणि मग जे झाले त्यासाठी अण्णा तयार नव्हते. 'आमेन' संपतासंपता सगळी मंडळी टोपल्यांवर तुटून पडली. प्रत्येकाला लोंब्या हव्या होत्या, प्रत्येकाला घर गाठायचे होते. अण्णांच्या पायावर दोघे चढले, पगडी काखेतून निसटून एका बाकाखाली गेली. ती शोधायला ते वाकले. वर आले तोवर देऊळ अर्धे रिकामे झाले होते.

दारात नातालबाय पदराच्या गाठीत दाणे बांधत होती. अण्णा लगबगीने तिच्याकडे गेले आणि घसा साफ केला.

"नातालबाय, माझे यात काहीच..."

"व्हय," ती म्हणाली. "चल, मी जाते. सुना वाट बगत असतील, आदन ठेवलेलं हाय. पाच दिवस पोरांनी नाचनीची पेज प्याली." ती पायऱ्या उतरू लागली. मागच्या बायकांनीही टोपल्या उचलल्या. बघता बघता आवार मोकळे झाले. पाद्रीही मागच्या दाराने गेले होते. त्यांना कोणीतरी जेवायला बोलावले होते.

अण्णा भाषणाच्या पहिल्याच वाक्यावर उभे होते. रस्त्यापलीकडच्या घरांतून एकामागून एक धूर निघू लागला होता.

फाटकातून नातालबाय ओरडली, "अन्ना! जाताना दार ओडून घे रे! बकऱ्या आत येतात."

अण्णांनी बाहेर येऊन दोन्ही हातांनी दार ओढून घेतले.